बुखारेस्टमधली एक टेकडी

साताऱ्यात मुलींच्या शाळेत मी चार वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. नववीला युरोपच्या राजधान्या असायच्या आणि दर वर्षी निम्म्या मुली बुडापेस्ट आणि बुखारेस्ट यांची अदलाबदल करायच्या. त्यांच्यासाठी मी एक युक्ती काढली होती. डॅन्यूबमध्ये बुडालं ते बुडापेस्ट, कोरडं राहिलं ते बुखारेस्ट. मुली हसायच्या आणि पेपरात बरोबर लिहायच्या. खरं तर बुखारेस्टही कोरडं नाही. त्याला स्वतःची एक लहान नदी आहे, दिंबोवित्सा. कुठल्याशा संदर्भपुस्तकात वाचलेलं ते नाव माझ्या डोक्यात उगाचच राहून गेलं होतं.

ब्याऐंशी साली आम्ही मिशिगनला आलो. नवरा डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर होता आणि आम्ही जवळच्या नोव्हाय गावात टाउनहाउसमध्ये राहायचो. मुलगी दोन वर्षांची होती. माझ्या बी.एड.ला इथे कुणी विचारत नव्हतं. पुन्हा शिकायचं तर कॉलेज लांब, मला गाडी चालवता येत नाही आणि मुलीला ठेवायचं कुणाकडे, हा प्रश्न. दिवसभर घरात मी आणि ती. दुपारी पोस्टमन आला की मी टपालपेटीपर्यंत जायचे. तेवढंच बाहेर पडणं.

तिथे शेजारच्या बाई माझ्या आधीच येऊन उभ्या असायच्या. सत्तरीच्या आसपासचं वय, डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट. एकदा त्यांनीच विचारलं, मी कुठली. मी सांगितलं आणि उलट विचारलं. त्या सवयीच्या, थकलेल्या सुरात म्हणाल्या, "रुमानिया. बुखारेस्ट. बुडापेस्ट नव्हे."

मी म्हटलं, "माहीत आहे. दिंबोवित्सा नदीवर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घाबरलेच. माझा उच्चार चुकला होता. त्यांनी तो दुरुस्त केला, मला तीनदा म्हणायला लावला, मग माझा हात धरून, मुलीसकट, मला घरात घेऊन गेल्या. एका छोट्या बशीत चेरीचा मुरंबा, एक चमचा, शेजारी गार पाण्याचा पेला. पाहुण्याला असंच देतात, म्हणाल्या. पंचवीस वर्षं या देशात राहिले, नदीचं नाव घेणारी तूच पहिली.

त्यांचा नवरा मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागे बुखारेस्टमध्ये एक धाकटी बहीण होती, अविवाहित, आईवडिलांच्या घरात राहणारी. तिचं महिन्याला एक पत्र येई. त्यासाठी त्या टपालपेटीशी उभ्या राहायच्या.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. मावशी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. आईची बहीण, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने त्यांना नावाने हाक मारली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "मावशी," त्यांनी तिला शिकवलं, माझ्याहून स्पष्ट.

पुढची दोन वर्षं माझी दुपार त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. आम्ही दोघीही मोडकं इंग्रजी बोलायचो, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडकं. त्यांनी मला त्यांचं शहर शिकवलं. सपाट मैदान, दक्षिणेला दीड तासावर डॅन्यूब, हिवाळ्यात पूर्वेकडून असं वारं येतं की डोळ्यांतलं पाणी गोठतं. एका धनगराने तिथे वस्ती केली आणि त्याच्या नावावरून शहराला नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. मी म्हटलं, आमच्याकडेही निम्म्या देवळांच्या मागे एक धनगर असतो. मग तुर्कांना खंडणी देणारे राजे, मग दोन लहान राज्यं एक झाली आणि हे शहर राजधानी झालं, मग पॅरिसची नक्कल करणारे रस्ते. मी या सगळ्याच्या नोट्स काढायचे. सवय जात नव्हती.

पण त्यांचं घर पॅरिसच्या नकलेत नव्हतं. नदीच्या दक्षिणेला एक टेकडी होती. फार उंच नाही, पण सगळं शहर सपाट असल्यामुळे तिथल्या लोकांना तिचा मोठा अभिमान. चढाचे दगडी रस्ते, बैठी घरं, प्रत्येकाला अंगण, अंगणात द्राक्षाचा वेल. वर एक जुना मठ. सत्त्याहत्तरच्या भूकंपात शहरातल्या उंच इमारती कोसळल्या, पण टेकडीवरच्या घरांना फक्त तडे गेले. बहिणीने तेव्हा लिहिलं होतं, आपलं घर आपल्यापेक्षा चिवट आहे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक पत्र आलं. त्या वाचता वाचता खुर्चीत बसल्या.

"आमच्या भागात दातांचे डॉक्टर आलेत," त्यांनी मला वाचून दाखवलं. "खालच्या गल्लीतले सगळे दात काढले. मुळापासून."

मला काही कळेना. बहीण आजारी आहे का, मी विचारलं.

"नाही ग. पत्रं फोडून वाचतात. सरळ लिहिता येत नाही. दात म्हणजे घरं."

राज्यकर्त्याला टेकडीच्या जागी प्रचंड मोठा सरकारी राजवाडा आणि त्याच्यासमोर रुंद, सरळ रस्ता हवा होता. भूकंपाचं निमित्त होतं. गल्ल्यामागून गल्ल्या रिकाम्या करून बुलडोझर लावत होते. हे आम्हाला हळूहळू, दातांच्या भाषेतून कळत गेलं. किडका दात, हलता दात, उद्या काढणार आहेत तो दात.

मावशींनी मला विचारलं, नकाशा मिळेल का? मी ग्रंथालयातून एक जुनं प्रवासी पुस्तक आणलं. त्यात शहराचा नकाशा होता. तो मोठा करून फोटोकॉपी काढली आणि त्यांच्या टेबलावर पसरली. प्रत्येक पत्र आलं की त्या गल्ली सांगायच्या आणि मी ती रंगवायचे. नोटीस मिळाली ती पिवळी, पाडली ती लाल. दोन वर्षांनी मला माझ्या विषयाचं काम मिळालं होतं. मी कडेला पट्टीने चौकट आखली, उत्तर दिशेचा बाण काढला, कोपऱ्यात सूची केली, छान गोल अक्षरात.

मावशी सूचीकडे बघत राहिल्या. "हे काय?"

"सूची. कुठल्या रंगाचा अर्थ काय, ते."

"मला माहीत आहे कुठल्या रंगाचा अर्थ काय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांनी नकाशा पालथा घातला आणि माझ्यासाठी कॉफी करायला उठल्या. मी तशीच बसून राहिले, हातात लाल पेन्सिल. मला त्या कामात मजा येत होती हे त्यांनी ओळखलं होतं. मला स्वतःला ते त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

बहिणीला फोन करायचा तर ऑपरेटरकडे बुकिंग करून दिवसभर थांबायचं. एकदा माझ्यासमोर लाइन लागली. मावशी खुशाली विचारत होत्या, हवापाणी विचारत होत्या, आणि मग त्यांच्या तोंडून घर हा शब्द गेला. मला त्यांच्या भाषेतला तेवढा एक शब्द कळत होता. लाइन कट झाली. त्या रिसीव्हर कानाला लावून कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत होत्या.

मी इंग्रजीत पत्रं लिहिली. आमच्या भागातल्या खासदाराला, दोन वर्तमानपत्रांना. खासदाराच्या ऑफिसातून उत्तर आलं, गुळगुळीत कागदावर, आपली काळजी आम्ही समजू शकतो. खाली सही छापलेली. मावशींनी ते पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मला वाईट वाटू नये म्हणून ठेवलं असणार.

त्या दिवाळीत एका डॉक्टर काकांकडे आम्ही सगळी मराठी मंडळी जमलो होतो. काका मूळचे नागपूरचे, आमच्या सगळ्यांच्या आधी वीस वर्षं आलेले, सगळे त्यांचा सल्ला घ्यायचे. मी बुखारेस्टची गोष्ट काढली. सह्या गोळा करून काही करता येईल का, असं माझ्या मनात होतं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू साताऱ्याची ना? तुमच्याकडे धरणात गावंच्या गावं गेली. तेव्हा किती पत्रं लिहिलीस?"

कुणीतरी हसलं. काकूंनी विषय बदलला, करंज्या फिरवल्या. माझ्या वर्गात कोयनेच्या खोऱ्यातून उठवलेल्या दोन घरांतल्या मुली होत्या. 'धरणाचे फायदे सांगा' हा प्रश्न मी त्यांनाही घातला होता. त्यांनी सहाच्या सहा मुद्दे लिहिले होते आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले होते. त्यांचं गाव कुठलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "काका थोडं हार्श बोलले, पण पॉइंट बरोबर आहे. आपण इथून काय करणार?"

पंच्याऐंशीच्या सुरुवातीला मावशींनी ठरवलं की बहिणीला इथे बोलवायचं. निदान सहा महिन्यांसाठी. त्यासाठी आमंत्रणाबरोबर हमीपत्र लागत होतं आणि एकट्या मावशींची पेन्शन त्याला पुरेशी नव्हती. नोकरी असलेल्या कुणाची तरी सही हवी होती. त्या आमच्याकडे आल्या, चांगला कोट घालून, जणू ऑफिसात आल्या आहेत. आजवर त्या आमच्या घरी मागच्या दारानेच यायच्या. त्या दिवशी पुढची बेल वाजवली.

नवरा म्हणाला, "विचार करून सांगतो, मावशी."

त्या गेल्यावर मला म्हणाला, "अगं, आपलं ग्रीन कार्ड अजून प्रोसेसमध्ये आहे. कम्युनिस्ट देशातल्या बाईसाठी अफिडेव्हिट साइन करायचं, उद्या आपल्यालाच कुणी क्वेश्चन केलं तर?"

"कोण विचारणार आहे? एक म्हातारी बाई बहिणीकडे येणार."

"तुला सगळं सोपं वाटतं."

तो वाईट माणूस नव्हता. मुलीला ताप आला तेव्हा याच मावशींनी बर्फातून येऊन रात्रंदिवस तिच्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या आणि त्याची त्याला जाणीव होती. तो घाबरलेला होता, एवढंच. ऑफिसात माणसं कमी करत होते, आमचं इथे राहणं त्या एका नोकरीला टांगलेलं होतं. मला ते समजत होतं, म्हणून मला त्याच्यावर धड चिडताही येईना. आणि मावशींना तोंड दाखवायचं कसं, तेही कळेना. त्या दिवसांत मी टपालपेटीकडे पोस्टमन येऊन गेल्यावर जायचे.

तीन आठवड्यांनी त्याने आपणहून सही केली. वकिलाला विचारून आला होता. मी कागद घेऊन धावतच शेजारी गेले. संध्याकाळी मावशींनी येऊन नवऱ्याचे हात हातात घेऊन आभार मानले, केक केला. कागद गेले. उन्हाळा संपता संपता बहिणीचं पत्र आलं. पासपोर्टचा अर्ज नामंजूर, कारण दिलेलं नाही. पत्रात आणखी एक ओळ होती. फेब्रुवारीपर्यंत एक ओळखीची बाई पासपोर्टच्या ऑफिसात होती, ती आता तिथे नाही.

फेब्रुवारी. हमीपत्र आमच्या घरी टेबलावर पडून होतं तो महिना. कागद वेळेवर गेले असते तरी काही झालं नसतं, असं मावशी म्हणाल्या. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला बरं वाटलं. पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या तेव्हा कळलं, त्या स्वतःला समजावत आहेत. मी ती ओळ नवऱ्याला कधीच सांगितली नाही.

घराची पाळी शहाऐंशीच्या वसंतात आली. सामान हलवायला चार दिवस. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवव्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या, लिफ्ट बंद. कपाटं जिन्यातून वर जाईनात, ती गल्लीत सोडून दिली. कुत्राही तिथेच सोडावा लागला. सगळ्यांनीच सोडले होते. टेकडीवर कुत्र्यांचे कळप फिरत होते, आपापल्या दाराच्या जागी जाऊन बसत होते. बहिणीने लिहिलं होतं, शेवटच्या सकाळी मी सगळ्या खोल्यांची जमीन धुऊन पुसून घेतली. आईला घाणेरडी जमीन चालत नसे.

मावशींनी हे वाचलं आणि त्यांना हसू आलं. हसता हसता त्या म्हणाल्या, "वेडी आहे. दुपारी बुलडोझर येणार, आणि ही जमीन पुसते." मग बराच वेळ त्या टेबलाची कड अंगठ्याने घासत बसल्या.

पुढच्या पत्रांमधून बाकीचं कळलं. मठ पाडला. एक जुनं चर्च मात्र पाडायच्या ऐवजी रुळांवर चढवून, सरकवत सरकवत, उंच इमारतींच्या मागे नेऊन ठेवलं, कुणाला दिसू नये असं. नदी काँक्रीटच्या पाटात घातली, वर स्वच्छ पाणी, खालून शहराचं सांडपाणी. आणि शेवटी टेकडीच खणून काढली.

"घर पाडतात, ते मला समजतं," मावशी म्हणाल्या. "युद्धात मी पाहिलंय. पण टेकडी कुठे नेतात? तू भूगोलाची बाई. सांग."

मी वर्गात शिकवायचे की राज्यं बदलतात, सीमा बदलतात, पण डोंगर आणि नद्या तिथेच राहतात, म्हणून आधी प्राकृतिक नकाशा पाठ करा. मावशींना मी म्हटलं, माती ट्रकमध्ये भरून नेत असतील.  त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेवढंच विचारायचं होतं.

त्या हिवाळ्यात तिकडे हीटर दिवसातून थोडाच वेळ चालायचा. बहीण कोट घालून, हातमोजे घालून झोपत असे. डिसेंबरात आम्ही एक पार्सल केलं. लोकरीचे मोजे, जाड पायजमे, कॉफी. कॉफी कस्टमवाल्यांसाठी, म्हणजे ते मोजे तरी जाऊ देतील. गाठी मी मारल्या, पत्ता त्यांनी लिहिला. जानेवारीत पत्र नाही आलं. मावशींनी दोन पत्रं पाठवली.

फेब्रुवारीत एक पातळ लिफाफा आला, अनोळखी अक्षरातला. मी तिथेच होते, मुलीला शाळेतून घेऊन नुकतीच आले होते. मावशींनी उभ्या उभ्याच वाचलं. मला भाषा येत नव्हती, पण वाचायची गरज नव्हती.

"पाच आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "न्यूमोनिया. खालच्या मजल्यावरच्या बाईने लिहिलंय."

म्हणजे आम्ही पार्सल बांधलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी. दोन्ही पत्रं त्यांनी नसलेल्या माणसाला लिहिली होती. मी त्यांना बसवलं. चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. मी सिंकपाशी उभी राहून कप विसळले, मग स्वच्छ असलेले कपसुद्धा विसळले. मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिने इंग्रजीत विचारलं, "मावशी, आर यू सिक?"

"नो," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "घरी जा. पोरीला भूक लागली असेल."

मी गेले. राहायला हवं होतं की नको, ते अजून कळत नाही.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला कॅलिफोर्नियात नोकरी लागली आणि आम्ही फ्रीमाँटला आलो. मोटारींचा धंदा बसला होता, जाणं भाग होतं. निघताना मावशींनी मुलीला स्वेटर दिला, मला मुरंब्याच्या दोन बाटल्या. टपालपेटीपाशी आता त्या उभ्या राहत नसत. मी दर रविवारी फोन करायचं ठरवलं, मग पंधरा दिवसांनी, मग सणावारी. मी गाडी शिकले, शाळेत मदतनीस म्हणून लागले. असंच होतं.

एकोणनव्वदच्या नाताळाच्या सुट्टीत टीव्हीवर बुखारेस्ट दिसलं. गर्दी, रणगाडे, मधलं कम्युनिस्टांचं चिन्ह कापून भोक पाडलेला झेंडा. राज्यकर्ता पळाला, पकडला गेला. मी लगेच मिशिगनला फोन लावला. दुपारचे तीन वाजले असतील तिथे. मावशींनी पहिल्या घंटेला उचलला.

"बघताय ना?" मी ओरडूनच विचारलं.

"बघते आहे ग. सकाळपासून बघते आहे. तो बातम्या देणारा माणूस एका रुंद रस्त्यावर उभा आहे. पाठीमागे केवढी मोठी पांढरी इमारत. तो म्हणतो, हा शहराचा मध्यभाग आहे." त्या थांबल्या. "मला तो रस्ता माहीत नाही. मी त्या शहरात चाळीस वर्षं राहिले, मला काहीच ओळखता येत नाहीये."

 त्या इमारतीखाली काय होतं, हे त्यांच्याइतकंच मलाही माहीत होतं.

"आता जाता येईल तुम्हाला," मी म्हटलं. "मी येईन बरोबर. खरंच येईन."

"कुणाकडे?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. खरोखरच विचारलं, मी त्यांना एखादा पत्ता देईन अशा आशेने.  माझ्या खोलीत टीव्ही चालू होता, त्यांच्याही. दोन्हीकडून तीच गर्दी ऐकू येत होती, त्यांच्याकडची किंचित मागाहून.

मग त्यांनी मुलीची चौकशी केली. कितवीत गेली, मराठी बोलते का. मी म्हटलं, समजतं तिला, पण उत्तर इंग्रजीत देते. त्या म्हणाल्या, बुखारेस्टमध्ये यंदा बर्फ दिसत नाही. मी म्हटलं, हो, दिसत नाहीये. गॅसवर सूप ठेवलंय, म्हणून त्यांनी फोन ठेवला.